सांडव्यातला मुरा

मासे पाळणाऱ्याला मोजायची सवय लागते. खाणं टाकलं की सगळे एका जागी गोळा होतात आणि तेवढ्या मिनिटभरात डोळे आपोआप मोजून घेतात. माझ्या टाकीत सहा झेब्रा लोच आहेत. दिवसभर ते लाकडाच्या फटीत एकमेकांना चिकटून पडलेले असतात. संध्याकाळी बुडणाऱ्या गोळ्या टाकल्या की सहाही जण तळावर धावतात आणि खाताना टिक्-टिक् असा बारीक आवाज करतात. काचेला कान लावला तर तो स्पष्ट ऐकू येतो. तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका संध्याकाळी पाचच आले.

दुसऱ्या दिवशीही पाचच. मग शोध सुरू झाला. लाकूड हलवून पाहिलं, दगड उचलले, टाकीमागची फरशी आणि कपाटाखालचा कोपरा पाहिला. उडी मारून बाहेर पडलेला मासा बऱ्याचदा अशा ठिकाणी वाळून सापडतो, त्यामुळे तिथे बघताना छातीत धडधडतं. तिथे काही नव्हतं. शेवटी लेकीने स्टुलावर चढून टाकीच्या मागच्या कोपऱ्यातल्या काळ्या खणात मोबाइलचा उजेड टाकला.

“आई, इथे आहे. आणि चांगला जाडजूड झालाय.”

त्या खणाला हौशी लोक ओव्हरफ्लो म्हणतात. मी त्याला सांडवा म्हणते, कारण तो अगदी तेच काम करतो. धरण भरलं की जास्तीचं पाणी भिंतीवरून वाट्टेल तसं न जाता ठरलेल्या वाटेने जावं म्हणून सांडवा असतो. धरणाचा सांडवा पावसाळ्यात वाहतो, टाकीतला रात्रंदिवस. माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. तिच्यात साधारण सव्वादोनशे लिटर पाणी मावतं. मागच्या कोपऱ्यात दोन काळ्या काचा उभ्या चिकटवून पंधरा सेंटीमीटर लांबी-रुंदीचा खण केलेला आहे. काचेच्या वरच्या कडेला कंगव्यासारखे दाते आहेत. दात्यांमधून पाणी खणात पडतं. खणात पीव्हीसीचा एक उभा पाइप आहे, त्याच्या तोंडातून ते खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत उतरतं. दुकानदार या खालच्या टाकीला संप म्हणतात. तिथे स्पंज, सिरॅमिकच्या चकत्या, हीटर आणि पंप असतो. गाळलेलं पाणी पंप पुन्हा वर चढवतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं पाहुणे विचारतात. एक कारण असं की टाकीतल्या पाण्यावर खाण्यातलं तेल, प्रथिनं आणि धूळ यांची पातळ साय धरते. ही साय हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळण्याच्या आड येते. तळाशी बसवलेला कुठलाही फिल्टर ती काढू शकत नाही. सांडवा मात्र सगळ्यात वरचंच पाणी ओढतो, त्यामुळे पृष्ठभाग आरशासारखा स्वच्छ राहतो. दुसरं असं की पुण्याच्या उन्हाळ्यात पाण्याची भरपूर वाफ होते, पण मुख्य टाकीची पातळी दात्यांनी बांधलेली असल्यामुळे घट दिसते ती फक्त संपमध्ये. आणि संपमध्ये हीटर, नळ्या, वायरी सगळं नजरेआड राहतं. फायदे खरे आहेत. पण सांडवा बांधला की कधी ना कधी त्यात मासा जाणार, हेही तितकंच खरं.

तो जातो कसा, याचा मी बराच विचार केला. पंप ओढून नेतो, हे पहिलं उत्तर सुचतं. ते फारसं बरोबर नाही, हे साध्या गुणाकार-भागाकाराने दिसतं. माझा पंप तासाला सुमारे १५०० लिटर पाणी वर चढवतो, म्हणजे सेकंदाला ४०० घनसेंटीमीटरपेक्षा थोडं जास्त. दात्यांमधल्या फटींची एकूण रुंदी पंधरा सेंटीमीटर, आणि तिथे पाण्याची जाडी सुमारे एक सेंटीमीटर. म्हणजे फटीत पाण्याचा वेग सेकंदाला २८ सेंटीमीटरच्या आसपास येतो. पाच सेंटीमीटर लांबीच्या माशाला तो बराच झाला, तरी जीव एकवटून क्षणभर झेप घेतली तर लहान मासा सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या दहापट अंतर कापू शकतो. आता दात्यांपासून पाच सेंटीमीटर मागे या. तिथे तेच पाणी समोरून आणि खालून, खूप मोठ्या जागेतून येत असतं, आणि वेग सेकंदाला तीन सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. चार बोटांच्या अंतरावर असलेल्या माशाला ओढ जवळपास जाणवत नाही, आणि एकदम फटीशी आला की ती दहापट होते. बहुतेक मासे हा फरक अंगावरच्या पार्श्वरेषेने ओळखतात. या रेषेतल्या संवेदी पेशींना पाण्याची बारीकशी हालचाल कळते. पण जो मासा काचेला अंग घासत, खाणं हुंगत फटीशी येतो, त्याला विचार करायला जागाच उरत नाही. पलीकडे आठ-दहा सेंटीमीटरची उडी आहे. उतरणं एका क्षणाचं, परत चढणं अशक्य.

आणि लोच तर नेमका असाच मासा. झेब्रा लोच, शास्त्रीय नाव बोटिया स्ट्रायाटा, हा आपल्या सह्याद्रीतला. जगात दुसरीकडे कुठेही तो सापडत नाही. सी. आर. नारायण राव यांनी १९२० साली, त्या वेळच्या म्हैसूर संस्थानातल्या माशांवर लिहिताना त्याचं वर्णन केलं. हेच नारायण राव पुढे ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकाचे पहिले संपादक झाले. लोचच्या गोतावळ्याशी मराठीचा संबंध त्याहून जुना आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतले मासे अभ्यासून एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात त्यांच्यावर लिहिलं, आणि कितीतरी माशांना इथल्या लोकांनी सांगितलेलीच नावं लॅटिन वेशात दिली. त्यातल्या एका छोट्या लोचचं नाव त्याने ठेवलं ‘मूरेह’. म्हणून मी माझ्या सहाही जणांना मुरे म्हणते. दुकानातलं नाव झेब्रा असलं तरी ही मंडळी सह्याद्रीच्या ओढ्यांची आहेत, हे मला विसरायचं नसतं. आययूसीएनच्या लाल यादीत हा मासा धोक्यात आलेला म्हणून नोंदलेला आहे. सांडव्यात अडकलेला एक मुरा म्हणजे दुकानातून पुन्हा आणता येईल अशी वस्तू, असं मला वाटत नाही ते यामुळेच.

वाहत्या ओढ्यात दगडगोट्यांच्या सांदीत राहणाऱ्या या माशाला मोकळी जागा आवडत नाही. पोट, पाठ आणि दोन्ही कुशी कशाला तरी टेकलेल्या असल्या की तो निवांत. अंधार पडला की बाहेर पडायचं, मिशांनी चाचपडत फिरायचं, गोगलगाई आणि किडे शोधायचे. रात्री मुरे काचेवरून सरळ वर चढत पृष्ठभागापर्यंत येतात, हे मी कितीदा पाहिलंय. मुऱ्याचं अंग दोन्ही बाजूंनी चपटं, आणि दात्यांच्या फटी उभ्या. सहा-सात मिलिमीटर रुंदीच्या उभ्या फटीतून लहान मुरा असा सहज जातो, जणू फट त्याच्या मापानेच कापली आहे. पलीकडे अंधार आहे, अरुंद जागा आहे, काचेवर बारीक गोगलगाई आहेत, आणि मुख्य टाकीत तरंगणारं थोडं खाणं दिवसातून दोनदा वरून पडतं. पाणी वरून कोसळत असल्यामुळे प्राणवायूही भरपूर. आपण त्याला अडकलेला म्हणतो. त्याच्या दृष्टीने त्याला घर सापडलेलं असतं.

म्हणून मासा सांडव्यात दिसला की सगळ्यात आधी हात आवरायचे. पंप चालू आहे आणि पाणी पडतंय, तोवर तो मासा सहसा धोक्यात नसतो. एक रात्र, एक आठवडासुद्धा तो तिथे काढू शकतो. गडबडीत आपणच त्याला धोक्यात घालतो, आणि मी नेमकं तेच केलं.

खरे धोके कुठले ते आधी सांगते. पहिला पाइपच्या तोंडाचा. तिथे जाळीदार टोपी नसेल तर मासा पाइपात शिरतो. बारीक असेल तर वाकणांवर आपटत संपमध्ये जाऊन पडतो आणि कित्येकदा जगतोही. मोठा असेल तर मध्येच अडतो, आणि मग गोष्ट फक्त माशाची राहत नाही. पाणी उतरायचं थांबलं तरी पंप मिनिटाला २५ लिटर वर फेकतच असतो. माझ्या टाकीचा पृष्ठभाग ५४०० चौरस सेंटीमीटर आहे, म्हणजे पाणी मिनिटाला साडेचार सेंटीमीटरने चढणार. काठ तेवढा वर नसतोच. मिनिटभरात पाणी घरभर. तिकडे संप रिकामा होतो, पंप कोरडा फिरतो आणि पाण्याबाहेर उघडा पडलेला हीटर तडकतो.

दुसरा धोका वीज जाण्याचा. हे महाराष्ट्रात भारनियमन सोसलेल्या कुणाला समजावून सांगायला नको. पंप थांबला की मुख्य टाकीतलं पाणी दात्यांच्या बुडापर्यंत उतरतं आणि मग सांडवा बंद होतो. पुढे खणात काय होतं ते पाइपवर अवलंबून आहे. पाइपचं तोंड उंचावर असेल तर तोंडापर्यंतचं पाणी खणात तसंच राहतं. माझ्याकडे ही उंची ३२ सेंटीमीटर आहे, म्हणजे सुमारे सात लिटर पाणी उरतं. एका लहान माशाला ते कितीतरी तास पुरतं. पण काही टाक्यांत पाइपचं तोंड तळाशी असतं आणि खालच्या व्हॉल्व्हने प्रवाह आवळून खणातली पातळी धरून ठेवलेली असते. तिथे पंप थांबला की पाहता पाहता खण रिकामा होतो आणि मासा उघड्या काचेवर पडतो. म्हणून मासा काढण्यासाठी पंप बंद करण्याआधी आपला पाइप कुठल्या जातीचा आहे हे माहीत हवं. मासा नसताना एकदा पंप बंद करून बघून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता माझी चूक. त्या संध्याकाळी मी भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढला. हे योग्यच होतं, पाण्यात हात घालण्याआधी पंप-हीटरचा विजेशी संबंध पूर्ण तोडायलाच हवा. मग दहा सेंटीमीटरची चौकोनी जाळी घेऊन मी खणात हात घातला. खण पंधरा सेंटीमीटरचा, मधोमध पाइप. जाळी फिरवायला जागाच नाही. मी इकडून गेले की मुरा पाइपच्या तिकडून. चाळीस मिनिटं हा पाठलाग चालला. शेवटी तो जाळीत आला, मी जाळी वर उचलली, आणि तो जाळीलाच लटकला.

या कुळातल्या बऱ्याच माशांच्या डोळ्याखाली एक दुटोकी काटा असतो. एरवी तो खाचेत मिटलेला असतो आणि दिसतही नाही. मासा घाबरला की काटा ताठ उभा राहतो आणि तसाच अडकून बसतो. मोठ्या माशाच्या घशात जाताना हे शस्त्र कामाचं, पण बारीक नायलॉनच्या जाळीत तेच त्याच्यावर उलटतं. ओढलं तर गाल फाटतो. मला त्या वेळी एवढंच सुचलं की जाळी पुन्हा पाण्यात बुडवायची. लेकीने नखं कापायची कात्री आणली आणि आम्ही काट्याभोवतीचे धागे एकेक करून कापले. मुरा सुटला. पण गालावर खरचटलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तिथे पांढरट डाग दिसायला लागला.

तो डाग म्हणजे गेलेल्या बुळबुळीची जागा. मासा हातातून निसटतो ती बुळबुळ ही त्याची पहिली ढाल असते. तिच्यामुळे जंतू आणि बुरशी कातडीपर्यंत पोचत नाहीत, आणि शरीरातले क्षार व बाहेरचं पाणी यांचा तोलही सांभाळला जातो. कोरडा हात, कोरडी जाळी, खरखरीत कापड लागलं की ती पुसली जाते. लोचचे खवले इतके बारीक आणि कातडीत दडलेले असतात की त्यांचा आधार जवळपास नाहीच, सगळी भिस्त बुळबुळीवर. यामुळेच लोचना मीठ आणि औषधंही सोसत नाहीत, म्हणून बाटलीवर लिहिलेला पूर्ण डोस त्यांना देत नाहीत. मी काहीच औषध घातलं नाही. दोन दिवस दिवा बंद ठेवला आणि रोज थोडं पाणी बदललं. आठवड्याने डाग गेला.

चार महिन्यांनी पुन्हा पाच. तोच होता की दुसरा, सांगता येणार नाही. या वेळी जाळी कपाटातच राहू दिली. दोन दिवस मी नुसती बघत होते. दिवसा तो पाइप आणि काच यांच्यामधल्या फटीत उभा चिकटून बसायचा, रात्री तळावर फिरायचा. त्याला काय हवंय हे इतकं उघड होतं की पहिल्या वेळी ते दिसलं कसं नाही, याचं वाईट वाटलं.

एक इंची पीव्हीसी पाइपचा दहा सेंटीमीटर लांब तुकडा घेतला. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या. एक टोक प्लॅस्टिकच्या जाळीने बंद केलं, म्हणजे पाणी खेळेल पण मासा पलीकडून निघणार नाही. उघड्या टोकापाशी भोक पाडून नायलॉनचा दोरा बांधला. नळी खणाच्या तळाशी आडवी ठेवली, आत बुडणाऱ्या गोळीचा तुकडा टाकला, आणि पाइपमागची ती आवडती फट जाडसर स्पंज खोचून बुजवली. एवढी एकच जबरदस्ती केली. दोऱ्याचं दुसरं टोक दात्यांवरून बाहेर काढून ठेवलं. पंप चालूच होता. रात्री बघायलाही गेले नाही.

सकाळी उजेड टाकला तर नळीच्या तोंडातून मिशा दिसत होत्या. दोरा सावकाश ओढला. दोरा उघड्या टोकाला बांधलेला असल्यामुळे नळी उभी झाली आणि तोंड वर आलं. घाबरलेला मुरा वर येत नाही, आणखी खाली दडतो. तो बुडाशी जाऊन बसला. आत पाणी होतंच. शेवटच्या क्षणी तोंडावर ओला तळवा ठेवला, नळी उचलून मुख्य टाकीत आडवी ठेवली आणि हात काढून घेतला. सगळं मिळून अर्धा मिनिट. त्याला कुणी हात लावला नाही की हवा लागली नाही. तो नळीतून बाहेर आला तीन तासांनी, आपल्या मनाने.

नवं पाणी, नवं तापमान याची सवय करण्याचा प्रश्न इथे येत नाही. दुकानातून आणलेला मासा पिशवीसकट पाण्यावर तरंगत ठेवावा लागतो, पण सांडवा, संप आणि मुख्य टाकी यांत एकच पाणी फिरत असतं. काढला की लगेच सोडायचा. काढलेला मासा बादलीत ठेवून निरखत बसणं हा त्याच्यावर आणखी एक भार असतो.

मात्र नळी हा सगळ्या माशांवरचा उपाय नाही. ठाण्याच्या माझ्या एका मैत्रिणीचा मोती गुरामी उडी मारून सांडव्यात पडला होता. गुरामी वरच्या थरातला मासा. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर चक्रव्यूहासारखं एक इंद्रिय असतं, त्याने तो थेट हवा घेतो, त्यामुळे तो सतत पृष्ठभागाशी असतो. त्याच्यापुढे तळाला नळी ठेवून काय उपयोग? तिथे आम्ही पाणीच वर आणलं. पंप बंद केला, पाइपच्या तोंडात रबरी बूच घट्ट बसवलं, कंगव्याची पट्टी सरकवून काढली, आणि काठावर नजर ठेवून पंप अर्धा मिनिट चालवला. खण आणि टाकी यांची पातळी एक झाली, मधल्या काचेवर दोन सेंटीमीटर पाणी उभं राहिलं. मग पंप बंद करून टाकीच्या बाजूला खाणं टाकलं. दहा मिनिटांनी गुरामी काचेवरून आपण होऊन पलीकडे गेला.

यात एक भयंकर चूक होऊ शकते, ती म्हणजे बूच तसंच विसरून पंप कायमचा सुरू करणं. काय होईल ते वर आलंच आहे. म्हणून पंप थांबवला की लगेच बुचाला बांधलेल्या लांब दोऱ्याचं दुसरं टोक पंपाच्या प्लगला गाठ मारून ठेवायचं. दोरा सोडल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

डॅनिओसारखे चपळ, मधल्या थरात पोहणारे मासे असतील तर वाट बघण्यात फायदा नाही. थव्यातून तुटलेला डॅनिओ एकटा बेचैन होतो आणि उड्या मारतो. तिथे पंप बंद करून, टोकाला जाळी बांधलेल्या नळीने खणातलं पाणी ओढून पाच-सहा सेंटीमीटरवर आणायचं. मग एक पारदर्शक प्लॅस्टिकचा पेला आडवा बुडवून स्थिर धरायचा आणि दुसऱ्या हाताने माशाला हळूच त्याच्याकडे वळवायचं. माशाला जाळी दिसते, स्वच्छ पेला दिसत नाही. घाई नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात जमतं.

खण रिकामा झालेला असेल आणि मासा ओल्या काचेवर पडलेला असेल, तर एकच नियम: आधी पाणी, मग मासा. कल्ल्यांच्या झालरी पाण्यात पसरलेल्या असतात, हवेत त्या एकमेकींना चिकटतात आणि सभोवती हवा असूनही मासा गुदमरतो. त्याला धरायची धडपड करण्याआधी मुख्य टाकीतून तांब्याभर पाणी घेऊन खणात ओता. पाइपचं तोंड तळाशी असेल तर ते ओल्या फडक्याने दाबून धरा. दोन तांबे पाणी पडलं की त्याचे कल्ले हलायला लागतात, आणि मग आपल्याला विचार करायला वेळ मिळतो.

यापुढचा प्रश्न नेहमीचा: सांडव्यावर जाळी का बसवत नाही? बसवता येते. बागकामाची पाच मिलिमीटर भोकांची प्लॅस्टिकची जाळी कापून दात्यांवर लावतात, आणि नवे, लहान मासे आणले की काही महिने मीही लावते. पण जाळीची किंमत मोजावी लागते. तिच्यावर शेवाळ धरतं, पानं अडकतात. अर्ध्या फटी बुजल्या तर तेवढंच पाणी उरलेल्या फटींतून जायला हवं, म्हणून टाकीची पातळी चढते. माझ्याकडे दात्यांच्या बुडावर एरवी सव्वा सेंटीमीटर पाणी असतं, अर्ध्या फटी बंद झाल्या की ते दोन सेंटीमीटरच्या वर जातं. आणखी बुजल्या तर काठ गाठतं. जी जाळी दर आठवड्याला घासली जाणार नाही, ती लावू नये. पाइपच्या तोंडावरची टोपी मात्र कायम हवी. तिच्याबाबत मी कुणाशी तडजोड करत नाही.

माझे मुरे आता मोठे झालेत, सगळ्यात थोरला सात सेंटीमीटरचा आहे आणि त्या फटीतून जाणार नाही. धाकट्या दोघांचं सांगता येत नाही. म्हणून ती नळी मी काढलेली नाही. ती सांडव्याच्या तळाशी पडून असते, दोरा दात्यांवरून बाहेर. रविवारी पाणी बदलताना लेक आधी मासे मोजते आणि मग दोरा ओढते. बहुतेक वेळा नळीत दोन-चार गोगलगाई निघतात. त्या ती लाकडापाशी टाकते, आणि टिक्-टिक् सुरू होते.